डिझाइन करण्याआधी खरा मजकूर मागा

वेब डिझाइन शिकलात, सीएसएस (पानाचं रूप ठरवणारी भाषा) येतं, फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर हात बसलाय, पोर्टफोलिओत चार-पाच साइट आहेत, तरी पहिलं पगारी काम अंगावर येतं. माझ्या अंगावर आलं होतं. बाकी सगळं तुम्ही शिकालच, म्हणून मी जिथे फसलो तेवढंच नीट सांगतो.

एका संस्थेची साइट मी पूर्ण ‘लोरेम इप्सम’वर, म्हणजे जागा भरायच्या निरर्थक मजकुरावर, उभी केली. एका ओळीत तीन कार्डं (फोटो, शीर्षक, बटण असलेल्या चौकटी), शीर्षकं दोन-दोन शब्दांची. तिन्ही कार्डं सारखी दिसावीत म्हणून उंची ३२० पिक्सेलवर बांधून टाकली आणि ओव्हरफ्लो हिडन केलं, म्हणजे चौकटीबाहेर जाईल ते दिसणारच नाही. क्लायंटने त्याच दिवशी होकार दिला. मग खरा मजकूर आला, मराठीत. शीर्षकं तीन-तीन ओळींची, एका कार्डाला फोटोच नाही, आणि ‘अधिक वाचा’चं बटण अर्धं कापलेलं. शीर्षकाची लाइन-हाइट (ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या पटीत) १.१ होती. इंग्रजीत ती शोभून दिसायची, पण देवनागरीत वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडले. फोनवर अक्षर मोठं केलं की बटण गायबच व्हायचं.

वाईट याचं वाटतं, की नियम मला ठाऊक होता. अक्षर २०० टक्के मोठं केलं तरी मजकूर हरवता कामा नये, हे डब्ल्यूसीएजीत, म्हणजे साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या मार्गदर्शक नियमांत, २००८ पासून आहे. मी ते वाचलं होतं, पाठही होतं. पण ते माझ्या त्या कार्डाला लागू पडतं, हे सुचलंच नाही. आता उंची लिहिताना हात आपोआप थांबतो. उंची बांधायची गरजच नव्हती. सीएसएसच्या ग्रिड या मांडणीत एका ओळीतली कार्डं आपसूक समान उंचीची होतात. कुठे किमान उंची लागलीच तर मिन-हाइट द्या. देवनागरी शीर्षकाला मी १.४ लाइन-हाइटपासून सुरुवात करतो.

क्लायंटने ‘छान’ म्हटलं म्हणजे डिझाइन तपासलं गेलं, असं समजू नका. त्या दुरुस्तीचे पैसे मला मागता आले नाहीत.

टेम्पलेट घेऊन रंग बदलत शिकणं मला पटत नाही. डेमोत सगळी नावं आखूड, सगळे फोटो एका मापाचे, मग प्रश्न पडणार कुठून? मला घडवलं ते एका सिनियर ताईंनी. कौतुक क्वचितच करायच्या. स्क्रीनवर बोट ठेवून विचारायच्या, “इथे चाळीस अक्षरांचं नाव आलं तर?” अशी व्यक्ती भेटली तर कमी पगारातही वर्षभर टिकून राहा.

आणि घाबरू नका. हे सगळं दोन-तीन कामांत हाताला लागतं, त्यासाठी वेगळी प्रतिभा लागत नाही. आज पोर्टफोलिओतली एक साइट उघडा. सगळ्यात लांब शीर्षक मराठीत टाका, एक फोटो काढून टाका, ब्राउझरची खिडकी ३२० पिक्सेलपर्यंत अरुंद करा. जे तुटेल ते दुरुस्त करा आणि ती दुरुस्ती, आधीच्या चित्रासकट, पोर्टफोलिओत ठेवा. मी नव्या माणसाला कामावर घेताना आधी तेच पान बघतो.