रँक वेगळी, पद वेगळं: स्टारशिप गेममध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

या महिन्यात आमच्या ग्रुपमध्ये तीन नवीन मुलं आली. तिघांनीही पहिल्याच दिवशी मला विचारलं, "दादा, कॅप्टन व्हायला किती सेशन लागतात?" चार वर्षांपूर्वी मीही हेच विचारलं होतं. त्या घाईपायी आमचा एक फार चांगला खेळाडू टेबलावरून उठून गेला. ती गोष्ट अजून मनातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

फासे कसे टाकायचे, कॅरेक्टर शीट कशी भरायची, हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. आम्ही एक रविवार आड कोथरूडला एकाच्या घरी जमतो. नियम 'स्टार ट्रेक अ‍ॅडव्हेंचर्स'चे, म्हणजे 'स्टार ट्रेक' या अंतराळ मालिकेवरचा, २०१७ साली आलेला, वीस बाजूंच्या दोन फाशांवर चालणारा, टेबलावर बसून आपापली भूमिका वठवायचा खेळ. जहाज मात्र आमचं स्वतःचं, नाव 'तोरणा'. दोन सेशनच्या मधल्या दिवसांत प्रत्येकाने आपल्या कॅरेक्टरचा लॉग, म्हणजे रोजनिशी, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायचा असतो. माझी चूक झाली ती लॉगमध्येच.

रँक पाठ करायला दहा मिनिटं पुरतात. एन्साइन, लेफ्टनंट ज्युनिअर ग्रेड, लेफ्टनंट, लेफ्टनंट कमांडर, कमांडर, कॅप्टन. कॉलरवरच्या पिपांची, म्हणजे रँक दाखवणाऱ्या छोट्या गोल टिकल्यांची, पद्धत १९८७ च्या 'नेक्स्ट जनरेशन' मालिकेतली: एन्साइनला एक सोनेरी पिप, ज्युनिअर ग्रेडला एक सोनेरी आणि एक काळा, लेफ्टनंटला दोन सोनेरी, लेफ्टनंट कमांडरला दोन सोनेरी आणि एक काळा, कमांडरला तीन, कॅप्टनला चार. गणवेशाच्या रंगावरून वाद घालू नका. १९६६ च्या मालिकेत कमांडचा रंग सोनेरी होता आणि इंजिनिअरिंगचा लाल, १९८७ मध्ये ते उलटे झाले. तुमचा जीएम (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) कुठला काळ चालवतोय ते विचारा आणि पुढे चला.

पुण्यातल्या मुलांचा आणखी एक घोळ होतो. इथे कॅम्पात, खडकीत, घोरपडीत सगळीकडे लष्कर. प्रत्येकाच्या ओळखीत कुणीतरी सव्वीस-सत्तावीस वर्षांचा कॅप्टन असतोच. पण तो भूदलातला कॅप्टन, मेजरच्या खालचा. या खेळातल्या रँक नौदलाच्या वळणाच्या आहेत, आणि नौदलाचा कॅप्टन हा भूदलाच्या कर्नलच्या बरोबरीचा असतो. त्यामुळे पंचविशीतल्या कॅप्टनचं कॅरेक्टर लिहून आणलंत तर जीएम ते परत करेल. त्यात तुमचा अपमान नाही. लेफ्टनंट करा, तेवढं वय शोभतं.

आता मुख्य मुद्दा. हा नीट वाचा, बाकीचं विसरलात तरी चालेल.

मी तेव्हा ऑफिसात सहा वर्षं एकाच पदावर होतो. माझ्यामागून आलेले पुढे गेले होते. खेळात जीएमने मला लेफ्टनंट कमांडर केलं त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता. माझं कॅरेक्टर सिक्युरिटी चीफ होतं. आमचा चीफ इंजिनिअर रँकने लेफ्टनंट, म्हणजे आता माझ्यापेक्षा एका पायरीने खाली. 'तोरणा' एका तेजोमेघात अडकलं होतं आणि वॉर्प कोअर, म्हणजे इंजिनाचा गाभा, तापत चाललं होतं. मी लॉगमध्ये लिहिलं: "लेफ्टनंट कमांडर इंजिन रूममध्ये शिरले आणि त्यांनी चीफ इंजिनिअरला कोअर बंद करण्याचा हुकूम दिला. चीफ इंजिनिअरने मान खाली घालून तो पाळला."

दोनच वाक्यं. चीफ इंजिनिअर खेळणाऱ्याचं ग्रुपवर उत्तर आलं, "ठीक आहे." पुढच्या सेशनला तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. नंतर जीएमने मला त्याचा आलेखाच्या वहीतला कागद दाखवला. कोअर बंद न करता थंड कसं करायचं, याची आकृती त्याने तीन आठवडे बसून काढली होती. कुठल्या नळीतून काय वळवायचं, कुणाच्या कॅरेक्टरने कुठे उभं राहायचं, सगळं पेन्सिलीने आखलेलं. त्यात माझ्या कॅरेक्टरलाही काम होतं. सिक्युरिटीची माणसं लावून दोन डेक रिकामे करायचे होते. तो कागद मी आजही विसरलेलो नाही.

माझं चुकलं काय? पहिली चूक पहिल्या वाक्यात आहे. रँक म्हणजे तुम्ही एकूण सेवेत किती ज्येष्ठ आहात ते. जहाज बदललं तरी ती तुमच्याबरोबर जाते. पद म्हणजे या जहाजावर तुमच्याकडे काय सोपवलंय ते. मी ज्येष्ठ झालो होतो, पण इंजिन माझ्याकडे सोपवलेलं नव्हतं. मला धोका दिसत होता तर मी कॅप्टनकडे जायला हवं होतं, किंवा इंजिनिअरला विचारायला हवं होतं. याच खेळातलं सगळ्यात स्पष्ट उदाहरण डॉक्टरचं. चीफ मेडिकल ऑफिसरची रँक कॅप्टनपेक्षा खालची असते, तरी प्रकृतीच्या कारणावरून तो कॅप्टनला कामावरून बाजूला करू शकतो. पिपांची संख्या तिथे कामाला येत नाही.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत, नौदलातून निवृत्त, लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर इंजिनिअरिंग शिकलेले. त्यांना मी हा प्रसंग सांगितला. ते म्हणाले, "अरे, जहाजाचा प्रमुख हुद्द्याने कमांडर असला तरी जहाजावर सगळे त्याला कॅप्टनच म्हणतात, कारण जहाज त्याच्याकडे आहे. आणि दुसऱ्या खात्याचा माणूस कितीही मोठा असो, इंजिन रूममध्ये तो पाहुणा." रँकच्या याद्या वाचून जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते त्यांनी चहा संपायच्या आत समजावलं.

दुसरी चूक दुसऱ्या वाक्यात आहे, आणि ती जास्त वाईट. जीएमने माझ्या कॅरेक्टरला रँक दिली होती, मला त्या माणसाच्या वर बसवलं नव्हतं. हुकूम लिहून मी थांबायला हवं होतं. पुढची ओळ त्याची होती. त्याचा इंजिनिअर हुकूम पाळेल, नकार देईल, कॅप्टनला कळवेल की "दोन मिनिटं द्या" म्हणेल, हे ठरवणं त्याचं काम. मी त्याच्या कॅरेक्टरची मान माझ्या हाताने खाली घातली. दुसऱ्याच्या कॅरेक्टरचं एक वाक्यसुद्धा लिहू नका. फार घाई असेल तर फोन करून विचारा.

असं एकदा झालं म्हणून सगळं संपत नाही. मी त्याला घरी जाऊन भेटलो, माफी मागितली. तो परत यायला पाच महिने लागले, पण आला. मी स्वतःहून रँक खाली करून घेतली. तुमच्या हातून असं काही घडलं तर लपवू नका, लगेच बोला. लोक समजून घेतात.

शिष्टाचाराबद्दल थोडं. कॅप्टनने हुकूम दिल्यावर "यस सर" आणि "आय आय सर" यांत फरक आहे. पहिलं प्रश्नाचं उत्तर, दुसऱ्याचा अर्थ "ऐकलं, समजलं, करतो." सुकाणूवर असाल तर हुकूम परत म्हणून दाखवा, खऱ्या जहाजावरही तसंच करतात. पटत नसेल तर बोलण्याची परवानगी मागा, आक्षेप एकदा मांडा, तरीही कॅप्टन ठाम असेल तर हुकूम पाळा आणि आक्षेप लॉगमध्ये नोंदवा. त्या नोंदीतून पुढे फार सुंदर प्रसंग निघतात.

मराठीत खेळताना एक सोय आहे, ती जरूर वापरा. आमची सध्याची कॅप्टन एकोणीस वर्षांची आहे, फर्ग्युसनमध्ये शिकते. एरवी ती मला "दादा" म्हणते, मी तिला "अगं" म्हणतो. पण सेशन सुरू झालं की मी "कॅप्टन, तुम्ही" म्हणतो आणि ती मला "लेफ्टनंट, तुम्ही" म्हणते. तू आणि तुम्हीमुळे टेबलावर बसलेल्या सगळ्यांना कळतं की आता माणूस बोलतोय की कॅरेक्टर. सुरुवातीला जीभ अडखळते, दोन रविवारांत सवय होते. ज्या दिवशी ती "दादा, ऐक ना" म्हणून हुकूम देते, त्या दिवशी तो हुकूम नाही, हेही सगळ्यांना कळतं.

आता बढती. लॉगची संख्या मोजून बढती देणारे ग्रुप असतात, मला ती पद्धत मुळीच आवडत नाही. लोक मग रोज चार ओळी टाकतात, त्यात काही घडत नाही. नशिबावर बढती हवी असेल तर त्यासाठी वेगळा खेळ आहे. १९७७ च्या 'ट्रॅव्हलर'मध्ये कॅरेक्टर अठराव्या वर्षी नोकरीला लागतं, चार-चार वर्षांच्या टप्प्यांनी पुढे जातं, बढती दोन फाशांवर ठरते, आणि फासा वाईट पडला तर खेळ सुरू होण्याआधीच ते मरू शकतं. तिथल्या स्काउट सेवेत तर रँकच नाही. आमच्या टेबलावर जीएम एवढंच बघतो की तुमच्यामुळे दुसऱ्या किती जणांना काही करायला मिळालं.

आणि झटपट वर नेतो म्हणणाऱ्या जुन्या खेळाडूंपासून लांब राहा. मला असा एक भेटला होता. "माझ्या बाजूने बोलत जा, सहा महिन्यांत कमांडर करतो," म्हणाला. आमचं जहाज त्याने दोन गटांत फोडलं. चांगला मार्गदर्शक तुमच्या लॉगवर खुणा करून देतो आणि विचारतो, "इथे बाकीचे काय करत होते?" आमचा चीफ इंजिनिअर आता नव्या मुलांचे लॉग असेच तपासतो. माझेही.

नव्या तिघांपैकी एकीला येत्या रविवारी पहिल्यांदा ब्रिज, म्हणजे जिथून जहाज चालवतात ती जागा, सांभाळायचा आहे. कॅप्टन खाली ग्रहावर असेल. ती एन्साइन आहे आणि मी लेफ्टनंट, म्हणजे त्या तासाभरात ती मला हुकूम देईल. काल रात्री तिचा मेसेज आला, "दादा, भीती वाटतेय, तुम्हाला कसं सांगू?" मी तिला लिहिलं की खुर्चीत बसताना "ब्रिज माझ्याकडे आहे" एवढं मोठ्याने म्हण, पुढचं मी "आय आय" म्हणून सांभाळतो.