बिनअंड्याचा केक, आणि हळदीची गंमत

श्रावण लागला की माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक ऑर्डरला "ताई, अंडं नको हं" अशी शेपटी असते. तसं सांगलीत जैन घरं बरीच, त्यामुळे बिनअंड्याचा केक इथे बारमाही लागतो.

अंड्यात पाऊण भाग पाणीच असतं. पण ते पीठ धरून ठेवतं, केक फुगवतं आणि रंगही देतं. म्हणून आधी बघायचं, आपल्या पदार्थात ते नेमकं करतंय काय.

साध्या स्पंजला माझं मत दह्याला. एक कप ताजं, घट्ट दही आणि पाऊण कप पिठीसाखर फेटा. त्यात सव्वा छोटा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा छोटा चमचा सोडा घालून पाच मिनिटं थांबा. वर फेस येतो. मग अर्धा कप बिनवासाचं तेल, थोडा व्हॅनिला आणि चाळलेला दीड कप मैदा. मैदा पडला की फेटणं बंद, नुसतं हलक्या हाताने कालवायचं. भांडं लगेच ओव्हनमध्ये, १८० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं. मिश्रण ओट्यावर ठेवून फोनवर बोलत बसलात तर फेस बसतो आणि केकची भाकरी होते.

आता रंग. अंडं नसलं की स्पंज फिकट दिसतो. हळदीच्या गावात राहून पिवळा रंग बाटलीतून कशाला घालायचा? चिमटीची चिमटी हळद पुरते, वास येत नाही. पण हळद सोड्याला भेटली की लाल होते. हळदीचा डाग साबणाने लाल होतो ना, तेच. केक कापल्यावर आत लालसर ठिपके दिसले तर समजा, सोड्याची गुठळी राहिली. सगळाच तांबूस झाला तर सोडा जास्त पडला किंवा दही कमी. सोडा आधी चाळून घ्या.

कुकीजना फुगायचं नसतं, नुसतं धरायला हवं. तिथे जवस. एका अंड्याला एक मोठा चमचा पूड, तीन चमचे पाणी, दहा मिनिटांत बुळबुळीत होतं. चटणीसाठी भाजलेलं घेऊ नका, कच्चं दळा. गव्हाच्या किंवा चॉकलेटच्या कुकीजमध्ये ते खपून जातं; पांढऱ्या स्पंजमध्ये काळपट कण दिसतात. अंड्याऐवजी केळं मला आवडत नाही, काहीही करा, केक केळ्याचाच लागतो.

कटलेटला मैद्याची पातळ पेस्ट आणि वर ब्रेडचा चुरा, बास. ऑम्लेटला बेसन आहेच.

चार-पाच अंडी फेटून होणाऱ्या हलक्याफुलक्या शिफॉन केकच्या मात्र नादी लागू नका. कुणी मागितलाच तर मी सरळ नाही म्हणते आणि दह्याचा केक, वर तासगावचे बेदाणे घालून, घ्याल का विचारते.