मेलबर्नला येताना लेकीच्या मैत्रिणींचे नंबर घेऊन या

इथल्या शाळा जानेवारीच्या शेवटी सुरू होतात. त्याच्या महिनाभर आधीपासून मला नवीन येणाऱ्यांचे फोन येऊ लागतात. कुणाची मावसबहीण, कुणाच्या ऑफिसातली. टार्नीट, ट्रुगनीना, पॉइंट कुक या पश्चिमेकडच्या भागांत आपली माणसं आता एवढी आहेत की कढीपत्ता कुठे मिळतो हे सांगायला माझी गरज उरलेली नाही. पण घरात बारा ते सोळा वर्षांची मुलगी असेल, तर मी फोन लवकर ठेवत नाही. २०१४ साली आम्ही सांगलीहून आलो तेव्हा माझी लेक तेराची होती. व्हिसा, भाड्याचं घर, गाडीचं लायसन्स, सगळ्याची तयारी आम्ही केली होती. तिच्या मैत्रिणी मागे राहणार, याचा विचार कुणीच केला नव्हता.

म्हणून पहिलं काम विमानात बसण्याआधीचं. १० डिसेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, टिकटॉक, फेसबुक, यूट्यूब अशा ठिकाणी स्वतःचं खातं ठेवता येत नाही. खातं बंद करण्याची जबाबदारी कंपन्यांची. त्यांनी ती पाळली नाही तर दंडही त्यांनाच, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. मुलीला किंवा आईवडिलांना शिक्षा नाही. हे तिला पहिल्याच दिवशी सांगा, म्हणजे काही लपवावंसं वाटणार नाही.

इथे वाढलेल्या मुलींनाही हाच नियम आहे, पण त्यांच्या मैत्रिणी सोमवारी सकाळी वर्गात भेटतात. तुमच्या मुलीच्या मैत्रिणी राहिल्या सांगलीत, नाशकात, ठाण्यात, आणि त्यांच्याकडे जायचा तिचा रस्ताच इन्स्टाग्रामवरून जातो. पुष्कळदा एकमेकींचे फोन नंबरसुद्धा त्यांच्याकडे नसतात. तेव्हा निघण्याआधी एका संध्याकाळी तिच्यासोबत बसा. जवळच्या पाच-सहा जणींचे आणि त्यांच्या आयांचेही नंबर घ्या. व्हॉट्सअ‍ॅप या बंदीत नाही, तिथे त्यांचा एक ग्रुप करून द्या. इन्स्टाग्रामवरचे फोटो आणि जुन्या गप्पा उतरवून घेता येतात, त्याही घ्या. तुम्हाला हे किरकोळ वाटेल. तिच्यासाठी ते तिचं सामान आहे.

दुसरी गोष्ट घड्याळाची. भारत मेलबर्नपेक्षा साडेचार तास मागे, आणि ऑक्टोबर ते एप्रिल इथे उन्हाळी वेळ म्हणून घड्याळ तासभर पुढे करतात, तेव्हा साडेपाच तास. तिकडे मुली क्लासहून साडेसातला घरी येतात तेव्हा इथे रात्रीचे बारा किंवा एक वाजलेले असतात. माझी लेक पांघरुणात फोन घेऊन जागी सापडली तेव्हा मी तिला काय काय बोलले, ते आज आठवलं तरी वाईट वाटतं. तीन आठवडे मी फोन काढून घेतला. त्याच आठवड्यांत तिच्या सर्वांत जवळच्या मैत्रिणीचा वाढदिवस होऊन गेला, आणि त्यानंतर त्या दोघी पूर्वीसारख्या कधीच बोलल्या नाहीत. रात्री फोन काढून घ्या, जरूर घ्या, झोप हवीच. पण त्याऐवजी दुसरी वेळ द्या. रविवारी तिकडचे सकाळचे नऊ म्हणजे इथली दुपार. तो तास तिचा ठेवा आणि त्या वेळी कुणाकडे जेवायला जायचं कबूल करू नका.

शाळेत फोनची काळजी नाही. मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियातल्या सरकारी शाळांत २०२० पासून दिवसभर फोन लॉकरमध्येच राहतो. त्यामुळे मधल्या सुट्टीत मुली एकमेकींशी बोलतात, आणि नवीन मुलीला त्याचा फायदाच होतो.

नावाचंही आधीच ठरवा. ज्ञानदा, ऋजुता, मृण्मयी ही नावं इथल्या शिक्षकांच्या तोंडी बसायला वेळ लागतो. प्रवेशाच्या फॉर्मवर कोणत्या नावाने हाक मारावी हे लिहायची जागा असते. तिथे तुम्ही परस्पर ‘रिया’ किंवा ‘मिया’ लिहू नका. तिला विचारा. माझ्या लेकीने पहिल्या वर्षी छोटं नाव घेतलं, दहावीत पूर्ण नाव मागून घेतलं, आणि शिक्षकांना ते नीट म्हणायला तिनेच शिकवलं. दोन्ही वेळचा निर्णय तिचा होता.

आता मैत्रीचं. गोऱ्या मुली कशा वागतील याची धास्ती घेऊन आपण येतो. माझ्या लेकीला जास्त लागलं ते दुसरंच. इथे जन्मलेल्या भारतीय मुलीच तिच्यापासून लांब बसायच्या. नुकत्याच आलेल्यांना हिणवून ‘फॉब’ (‘फ्रेश ऑफ द बोट’) म्हणतात, हा शब्द तिने त्यांच्याकडूनच ऐकला. पुढे त्यांच्यातलीच एक तिची खास मैत्रीण झाली. तेव्हा कळलं, की तिलाही लहानपणी डब्यावरून चिडवलं होतं आणि पुन्हा तसं होऊ नये म्हणून ती जपून राहायची. मुलगी असं काही सांगायला लागली तर ‘आपलीच ना ती, जा बोल तिच्याशी’ असं म्हणू नका. नुसतं ऐका. डब्यात पोळीभाजी न्यायची की सँडविच, हेही तिला ठरवू द्या. संध्याकाळी घरी ती आमटी-भात मागून खाते, तेवढं पुरे.

इयर सेव्हनचा, म्हणजे सातवीचा, शाळेचा मुक्कामी कॅम्प चुकवू नका. पैसे, थंडी, ‘परक्या ठिकाणी तीन दिवस’ या कारणांनी आपले लोक नाही म्हणतात, आणि मुली परत येतात तेव्हा त्यांच्या जोड्या जमलेल्या असतात. त्यात तुमची नसते. पोहण्याच्या तासाचंही तसंच. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टॉप चालतो, शाळेला आधी विचारून घ्या, पण तास बुडवू नका.

स्लीपओव्हरचं, म्हणजे मैत्रिणीकडे रात्री राहायला जायचं, आमंत्रण येईल तेव्हा पोटात गोळा येईल, माझ्याही आला होता. त्या घरच्या आईला फोन करा. घरी कोण कोण असेल, मोठी भावंडं आहेत का, हे सरळ विचारा. इथे त्याचा कुणी राग धरत नाही. सोडायला दारापर्यंत जा. पहिल्या वेळी रात्री दहाला घेऊन या, आम्ही तसंच केलं होतं. आणि त्या मुलींना तुमच्या घरी बोलवा. आमच्याकडे पहिल्यांदा चौघी आल्या तेव्हा मी पिझ्झा मागवणार होते. लेक म्हणाली, ‘आई, साबुदाण्याचे वडे कर.’

आपल्या फोनचंही बघायला हवं. मुलीचा पोहण्याच्या पोशाखातला किंवा शॉर्ट्समधला फोटो आपण कौतुकाने घरच्या ग्रुपवर टाकतो, आणि खाली एखादी आत्या लिहिते, ‘अगदी तिकडची झाली गं.’ मुलगी तो ग्रुप वाचत असते. इथे ती तिकडची आणि तिकडे ती इकडची. तिला न विचारता फोटो टाकायचा नाही, एवढा नियम घरात करा. अशा वेळी आत्याला उत्तर तुम्ही द्यायचं, मुलीने नाही.

ऑनलाइन छळ झाला, कुणी फोटो पसरवले किंवा धमकावलं, तर आधी मेसेजचे आणि खात्याच्या नावाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. मग त्या अ‍ॅपकडे तक्रार करा, आणि तिथे दाद मिळाली नाही तर ऑनलाइन सुरक्षेचं काम बघणाऱ्या ई-सेफ्टी कमिशनरच्या सरकारी कार्यालयाकडे. खासगी फोटो पसरवल्याची तक्रार थेट तिथेच करता येते. शाळेत मुलांच्या मनःस्वास्थ्याकडे बघणाऱ्या वेलबीइंगच्या शिक्षिकेलाही भेटा. सोळाच्या आत खातं उघडलं म्हणून हे घडलं, असं मुलीला ऐकवू नका, नाहीतर पुढचं ती सांगणार नाही. तिला तुमच्याशी बोलवत नसेल तर किड्स हेल्पलाइन आहे, १८०० ५५ १८००. फुकट, चोवीस तास, पंचवीस वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. हा नंबर फ्रिजवर लावा आणि त्याबद्दल तिला पुन्हा पुन्हा विचारू नका.