मिनियापोलिसला शिफ्ट व्हायचं का? आधी फेब्रुवारीत जाऊन बघा

दरवर्षी कोणाचा ना कोणाचा मेसेज येतोच, "अगं, ह्यांना मिनियापोलिसची ऑफर आलीय, थंडी फार असते म्हणतात, जमेल का गं आम्हाला?" आणि मी प्रत्येकीला फोनवर तासभर तेच सांगत बसते, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं. आम्ही २०१८ च्या ऑगस्टमध्ये टेक्सासमधल्या डॅलसहून इथे, मिनेसोटातल्या मिनियापोलिसला आलो, दोन मुलं, एक गाडी, आणि चौघांत मिळून एकही धड जॅकेट नाही. तेव्हा कोणी हे सगळं सांगितलं असतं तर ठरवणं खूप सोपं गेलं असतं.

पहिली गोष्ट, थंडी किती पडते हा प्रश्नच बाजूला ठेवा. सगळे तोच आकडा गूगल करतात आणि घाबरतात. जानेवारीत दिवसाचं सरासरी कमाल तापमान २४ फॅरनहाइटच्या आसपास, म्हणजे उणे ४ सेल्सियस, आणि रात्री ९ फॅरनहाइट, म्हणजे उणे १३. हे कपड्यांनी निभावतं, खरंच निभावतं. वर्षातून थोडे दिवस मात्र फार वाईट असतात. आमच्या पहिल्याच हिवाळ्यात, ३० जानेवारी २०१९ ला, पहाटे उणे २८ फॅरनहाइट होतं, वारा धरला तर उणे ५० च्याही खाली, त्या दिवशी पोस्टमनसुद्धा आला नाही कारण पोस्टानेच टपाल वाटणं बंद ठेवलं होतं. मी दोन मिनिटं कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर गेले तर श्वास घेतल्याबरोबर नाकातले केस कडक झाले, पापण्या एकमेकींना चिकटायला लागल्या, आणि पायाखालचा बर्फ थर्माकोल घासल्यासारखा करकरत होता. पण असे दिवस मोजकेच, तेव्हा घरात बसायचं, संपलं.

खरा प्रश्न आहे किती दिवस. पहिला बर्फ नोव्हेंबरात पडतो, कधीकधी ऑक्टोबरातच, आणि तळ्यांवरचा बर्फ जातो एप्रिलमध्ये. आम्ही यायच्या आधी, २०१८ च्या एप्रिलच्या मध्यात इथे पंधरा इंचाच्या आसपास बर्फ पडला होता. म्हणजे गुढीपाडवा होऊन गेला, आंब्याच्या पेट्या यायची वेळ झाली, आणि बाहेर फावडं मारताय. पहिला बर्फ पडतो तेव्हा मुलं नाचतात, आपण फोटो गावी पाठवतो, सगळं छान वाटतं. माणूस थकतो तो फेब्रुवारीच्या शेवटी, जेव्हा रस्त्याच्या कडेला तोच काळा पडलेला ढीग असतो आणि अजून दीड महिना जायचा असतो. म्हणून कंपनी इंटरव्ह्यूनंतर घर बघायला बोलवत असेल आणि तारीख तुमच्या हातात असेल तर जुलैत अजिबात येऊ नका. जून-जुलैत इथे रात्री नऊच्या आसपासपर्यंत उजेड असतो, तळ्याकाठी लोक सायकली फिरवत असतात, त्या दिवसांत आलेला प्रत्येक माणूस हो म्हणूनच जातो.

फेब्रुवारीत या, निदान चार-पाच दिवस या, आणि डाउनटाउनच्या हॉटेलात उतरू नका. तिथे बिल्डिंगा एकमेकींना स्कायवेने, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या बंदिस्त पुलांनी, जोडल्यात, मैलोन्मैल आतल्या आत शर्टावर फिरता येतं, थंडी कळतच नाही. प्लिमथ, ईडन प्रेरी, मेपल ग्रोव्ह, वुडबरी अशा उपनगरांत, जिथे खरंच राहायची शक्यता आहे तिथे एखादं घर भाड्याने घ्या आणि साध्या दिवसासारखं जगा. सकाळी साडेसातला मुलांना तयार करा, जाड जॅकेट घालून कारसीटचा पट्टा लावत नाहीत (पट्टा सैल राहतो, ते धोक्याचं आहे), म्हणजे जॅकेट काढा, बसवा, पट्टा लावा, वरून पांघरूण घाला, आणि हे दोन मुलांचं करून बघा. संध्याकाळी साडेपाचला किराणा आणायला जा, पार्किंगमधून गाडा ढकलत या. बर्फ पडत असेल तर ४९४ हायवेवर एक चक्कर मारा, उजव्या लेनमधून हळू. चौथ्या दिवशी रात्री जेवताना घरातल्या सगळ्यांना विचारा, कसं वाटतंय. ते उत्तर बाकी कुठल्याही यादीपेक्षा खरं असतं.

आणि त्या उत्तरात सगळ्यात जास्त वजन कोणाच्या शब्दाला द्यायचं, तर दिवसभर घरात कोण राहणार आहे त्याच्या. हे मी अगदी कळकळीने सांगतेय. ऑफिसला जाणाऱ्याला माणसं भेटतात, कॅफेटेरिया असतो, त्याचा दिवस जातो. डिसेंबरात इथे सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळतो. मी तेव्हा डिपेंडंट व्हिसावर होते, काम करायची परवानगी नव्हती, धाकटा दोन वर्षांचा, आणि मला बर्फात गाडी चालवायची भीती वाटायची म्हणून मी नोव्हेंबर ते मार्च जवळजवळ घरातच काढले. जानेवारीत मला सकाळी उठावंसंच वाटेना, कारण नसताना रडू यायचं. डॉक्टरांनी व्हिटॅमिन डी तपासलं, सकाळी समोर ठेवायचा लाइट बॉक्स, म्हणजे उन्हासारखा प्रखर दिवा, सांगितला, आणि म्हणाल्या रोज बाहेर पडायचं म्हणजे पडायचं. दुसऱ्या हिवाळ्याआधी मी रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये ब्रेक मारून मारून बर्फावरची गाडी शिकले आणि माझा हिवाळाच बदलला. तेव्हा घरात राहणाऱ्याला ड्रायव्हिंग येत नसेल तर निघायच्या आधी लायसन्स काढा, आणि त्या व्यक्तीला आधीपासून उदासीचा त्रास होत असेल तर तिच्याशी आणि तिच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ऑफर सही करू नका, पगार कितीही वाढत असला तरी.

आता नोकरी. ह्या बाबतीत हे शहर भक्कम आहे. टार्गेट, बेस्ट बाय, युनायटेडहेल्थ, थ्रीएम, जनरल मिल्स, मेडट्रॉनिक, यूएस बँक, सगळ्यांचा मोठा कारभार इथलाच, म्हणजे उद्या एक नोकरी गेली तर घर न हलवता दुसरी शोधता येते. थंड गावाचा विचार करताना हे नक्की बघा, की ती एक नोकरी सोडून गावात दुसरं काय आहे. ऑफर रॉचेस्टरची असेल तर गणित वेगळं, तिथे मेयो क्लिनिक हे मोठं हॉस्पिटल म्हणजेच गाव, आणि मिनियापोलिस तिथून दीड तासावर, रोज येणं-जाणं हिवाळ्यात होत नाही.

व्हिसावर असाल तर अजून एक. एच-वन-बी वर नोकरीचं ठिकाण दुसऱ्या मेट्रो भागात बदलत असेल तर अमेंडमेंट, म्हणजे व्हिसाच्या अर्जातला बदल, आधी फाइल व्हावी लागते, कंपनी तीच असली तरीही. आणि ग्रीन कार्डचं पर्म, म्हणजे कंपनीला आधी घ्यावं लागणारं लेबर सर्टिफिकेशन, ठराविक जागेसाठी असतं, त्यामुळे ती प्रोसेस अर्ध्यात असेल तर वकिलाकडून लेखी उत्तर घ्या, मॅनेजरच्या "काही प्रॉब्लेम नाही" वर जाऊ नका.

पैशाचं म्हणाल तर टेक्सासमधून येणाऱ्यांना पहिला पगार बघून धक्का बसतो. तिथे राज्याचा इन्कम टॅक्स नाही, इथे तो ५.३५ टक्क्यांपासून सुरू होऊन ९.८५ पर्यंत जातो. ऑफरमधला वाढीव आकडा टॅक्स जाऊन किती उरतो ते कागदावर मांडा. उलट बाजूला, कपड्यांवर आणि किराण्यावर इथे सेल्स टॅक्स नाही. रिलोकेशनचे पैसे कंपनी देत असेल तर २०१८ पासून फेडरल हिशोबात तेही पगार म्हणूनच धरले जातात, त्यामुळे त्यावरचा टॅक्स कंपनी भरणार का हे विचारा, आणि वर्षभरात सोडलं तर किती परत करावे लागतील तेही.

घराबद्दल मी जरा हट्टी आहे. पहिला हिवाळा भाड्यानेच काढा. कुठला रस्ता लवकर साफ होतो, कुठल्या घराच्या ड्राइव्हवेवर दिवसभर सावली असते आणि बर्फ वितळतच नाही, हे एक हिवाळा काढल्याशिवाय कळत नाही. भाड्याचं घर घेतानाही घराला जोडून गॅरेज हवंच, ह्या एका गोष्टीवर तडजोड नको, थोडं भाडं जास्त गेलं तरी चालेल. मिनियापोलिस शहरात रस्त्यावर गाडी लावावी लागत असेल तर मोठ्या बर्फानंतर स्नो इमर्जन्सी जाहीर होते, तीन दिवस कुठल्या बाजूला लावायची याचे नियम बदलत राहतात, चुकलात की टो. घरासमोरचा फुटपाथही बर्फ थांबल्यापासून २४ तासांत साफ करावा लागतो, स्वतंत्र घर असेल तर ते काम तुमचंच. पाठीचं दुखणं असेल तर हे आधीच धरून चाला.

विकत घ्यायची वेळ येईल तेव्हा इन्स्पेक्शनमध्ये रेडॉन, म्हणजे जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सर्गी वायू, तपासा, मिनेसोटात दर पाच घरांतल्या साधारण दोन घरांत तो जास्त सापडतो, आणि इथे मुलं बेसमेंटमध्येच खेळतात. फर्नेस, म्हणजे घर गरम ठेवणारं यंत्र, किती वर्षं जुना आहे ते विचारा आणि त्याचा पांढरा पाइप भिंतीतून कुठे बाहेर निघतो ते स्वतः बघून ठेवा. आमचा फर्नेस एका रात्री अडीचला बंद पडला, बाहेर उणे १५ फॅरनहाइट, सकाळपर्यंत घर ५४ वर आलं, मुलांना आमच्या दोघांच्या मध्ये घेऊन सगळी पांघरुणं घालून झोपलो. सकाळी शेजारचे आजोबा आले, घराला वळसा घालून गेले आणि हाताने त्या पाइपच्या तोंडावरचा बर्फ फोडून काढला, नारळाच्या वाटीएवढा गोळा होता. पाच मिनिटांत फर्नेस चालू. तेव्हापासून बर्फ पडला की मी आधी तो पाइप बघते, मग चहा.

गाडीला घाबरू नका, नवी घ्यायची गरज नाही. बॅटरी जुनी असेल तर ऑक्टोबरातच बदला, काच धुवायचं पाणी उणे २० फॅरनहाइटलाही न गोठणारं भरा, टायर चांगले ठेवा, टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका, डिकीत एक ब्लँकेट आणि छोटं फावडं.

आपली माणसं आहेत का, तर आहेत, भरपूर आहेत. मेपल ग्रोव्हला मोठं हिंदू मंदिर आहे, मराठी मंडळ आहे, गणपती उत्साहात होतात, संक्रांतीचं हळदीकुंकूही होतं, फक्त दारात बुटांचा डोंगर आणि पलंगावर जॅकेटांचा. आई-बाबांना मात्र मे ते सप्टेंबरमध्येच बोलवा. माझ्या सासूबाई एकदा नोव्हेंबरात आल्या आणि तीन महिने खिडकीपाशी बसून होत्या, गुडघ्यांमुळे आणि घसरायच्या भीतीमुळे पायरीसुद्धा उतरल्या नाहीत, मला अजून वाईट वाटतं. थेट भारतात विमान नाही, ॲम्स्टरडॅम किंवा दुसरीकडे बदलावं लागतं, त्यामुळे वयस्कर माणूस एकटं येणार असेल तर व्हीलचेअर असिस्टन्स आधीच बुक करा. आणि तिकडे कोणाची तब्येत नाजूक असेल, वर्षातून दोनदा जावं लागत असेल, तर नुसत्या ह्या एका कारणासाठी शिकागो किंवा न्यू जर्सीची ऑफर कमी पगाराची असली तरी मी तीच घ्या म्हणेन.

फेब्रुवारीत बघायला याल तेव्हा बूट डॅलसहून किंवा पुण्याहून घेऊन येऊ नका, तिकडे मिळतात ते दिसायला छान असतात पण सोल पातळ असतो, अर्ध्या तासात बोटं बधिर होतात. कोणाकडून तरी मागून घ्या. इथे प्रत्येक घराच्या गॅरेजमध्ये बुटांचे दोन-तीन जास्तीचे जोड पडलेले असतात, आमच्याकडे आठ आणि दहा नंबरचे आहेत.