जहाजावरील स्पेशालिटी रेस्टॉरंट : आरक्षण करताना या चुका टाळा

क्रूझच्या भाड्यात मुख्य डायनिंग हॉलमधील आणि बुफेतील जेवण धरलेले असते. स्पेशालिटी रेस्टॉरंटमध्ये, म्हणजे इटालियन, जपानी अशा एखाद्याच प्रकारच्या जेवणासाठी असलेल्या रेस्टॉरंटमध्ये, मात्र वेगळे पैसे मोजून आणि बहुधा वेळ आधी ठरवून जावे लागते. बडोद्यातील मराठी कुटुंबे एक तर रेल्वेने मुंबई गाठून तेथून गोवा वा लक्षद्वीपकडे जाणारे जहाज धरतात, नाहीतर विमानाने सिंगापूरला जाऊन मलेशिया-थायलंडची फेरी करतात. दोन्ही सफरी बहुतेकदा दोन ते पाच रात्रींच्या असतात. त्यामुळे एखादी संध्याकाळ चुकीच्या रेस्टॉरंटमध्ये गेली, तर ती भरून काढायला दुसरी उरत नाही. कोठे, कोणत्या दिवशी आणि काय खायचे, हे घरी मेनू आणि प्रवासाचा कार्यक्रम शेजारी ठेवूनच ठरवावे, असे माझे ठाम मत आहे.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे जहाजावर चढल्यावर बघू असे म्हणणे. मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर आरक्षण प्रवासाच्या बरेच आधी खुले होते आणि संध्याकाळी सात-आठच्या वेळा सर्वांआधी संपतात. आगाऊ दर बहुधा जहाजावरील दरापेक्षा कमी असतो. काही कंपन्या प्रवासापूर्वी आरक्षण रद्द करून कमी झालेल्या दराने पुन्हा करू देतात, म्हणून एकदा पैसे भरल्यावरही अधूनमधून दर पाहत राहावे. अनेक जेवणांचे पॅकेज घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : काही कंपन्यांच्या पॅकेजमध्ये आधी एकच वेळ निश्चित होते आणि बाकीच्या वेळा जहाजावर चढल्यावर स्वतः जाऊन ठरवाव्या लागतात. पहिल्या दिवशी सामान खोलीत येण्याची वाट पाहण्यापेक्षा थेट रेस्टॉरंटच्या काउंटरवर जावे.

संध्याकाळ निवडताना घड्याळाचा विचार फारसा कोणी करत नाही. अशा जेवणाला सहज दीड ते दोन तास लागतात, कधी त्याहूनही अधिक. सातचे टेबल आणि साडेआठचा नाट्यगृहातील कार्यक्रम ही सांगड बसत नाही. जेवण घाईत होते किंवा कार्यक्रम बुडतो. सिंगापूरची वेळ भारतापेक्षा अडीच तास पुढे आहे आणि थायलंडमधील फुकेत सिंगापूरच्या एक तास मागे आहे. फुकेतला उतरल्यावर मोबाइल आपोआप थायलंडची वेळ दाखवू लागतो, पण जहाजाने आपले घड्याळ बदललेले असेलच असे नाही, आणि आरक्षण नेहमी जहाजाच्या वेळेप्रमाणे असते. त्या दिवशी खोलीतील दूरध्वनीवरची किंवा अ‍ॅपमधली वेळच प्रमाण मानावी. बंदरावरील लांब सहल असलेल्या दिवशी असे जेवण ठेवूच नये. दिवसभर समुद्रातच असलेला दिवस सर्वांत सोयीचा, आणि त्या दिवशी काही रेस्टॉरंटमध्ये दुपारचे जेवण रात्रीपेक्षा स्वस्तही मिळते.

संकष्टी असेल तर आरक्षणाच्या आधी तिथी पाहावी. चंद्रोदयानंतर जेवणाऱ्याला साडेसहाच्या टेबलाचा काही उपयोग नाही, आणि आपल्या पंचांगातील बडोद्याची वा मुंबईची चंद्रोदयाची वेळ सिंगापूरच्या समुद्रात लागू पडत नाही.

सर्वाधिक मनस्ताप होतो तो शाकाहाराच्या बाबतीत, आणि त्याला सांगण्यातील अपुरेपणा कारणीभूत असतो. ‘व्हेजिटेरियन’ एवढेच सांगितले, तर परदेशी स्वयंपाकघरात अंडे चालते असेच समजले जाते. मांस दिसत नसलेल्या पदार्थांतही मांस-मासे असू शकतात. जपानी मिसो सूपचा आधार बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाचे पाणी असते आणि टेंपुराबरोबरच्या पातळ सॉसमध्येही तेच असते. थाई पदार्थांत फिश सॉस व कोळंबीची पेस्ट, चिनी भाज्यांत ऑयस्टर (कालव) सॉस, रिझोतो या इटालियन भातात कोंबडीचे स्टॉक (कोंबडी उकळून काढलेले पाणी), सीझर सॅलडमध्ये अँकोव्ही मासा, पन्ना कोटा या गोड पदार्थात जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेले जिलेटिन. खरे पार्मिजानो रेज्जानो चीज वासराच्या रेनेटनेच (दूध फाडणाऱ्या, जठरातून मिळणाऱ्या द्रव्यानेच) तयार होते. ताज्या पास्त्यात बहुधा आणि पुष्कळशा गोड पदार्थांत अंडे असते. तेप्पानयाकी या जपानी प्रकारात तर सर्वांचे जेवण समोरच्या एकाच तापलेल्या लोखंडी तव्यावर होते. ज्यांना हे चालणार नाही त्यांनी वेगळ्या तव्याची सोय आहे का ते आधी विचारावे, अन्यथा ते रेस्टॉरंट सोडून द्यावे.

म्हणून सूचना नेमकी लिहावी : नो एग, नो फिश सॉस, नो मीट स्टॉक, नो जिलेटिन. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य असेल, तर तेही तेथेच नोंदवावे. ही नोंद प्रवासाच्या काही आठवडे आधी कंपनीकडे किंवा एजंटमार्फत करावी, तिची लेखी पोच घ्यावी आणि जहाजावर चढल्यावर त्या रेस्टॉरंटच्या मुख्य वेटरला पुन्हा सांगावी. मुख्य डायनिंग हॉलची नोंद स्पेशालिटी रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचेलच, असे गृहीत धरू नये. मांसाहारी असूनही गोमांस न खाणाऱ्यांनी स्टेकहाउसमध्ये, म्हणजे मुख्यतः गोमांसाचे भाजलेले तुकडे मिळणाऱ्या रेस्टॉरंटमध्ये, कोंबडी, मासे किंवा लँब (कोकराचे मांस) निवडताना सोबतचे सॉस व ग्रेव्ही कशापासून केली आहे, ते विचारावे. शाकाहारी माणसाला स्टेकहाउसमध्ये एखाद-दोनच पदार्थ मिळतात आणि शुल्क मात्र पूर्ण भरावे लागते. घरातील अर्धी मंडळी शाकाहारी असतील, तर त्या संध्याकाळी सर्वांनी इटालियन रेस्टॉरंट घेणे अधिक समाधानाचे ठरते.

खर्चाचा हिशोब मेनूवरील आकड्यावर थांबवू नये. अनेक कंपन्या 18 ते 20 टक्के सेवाशुल्क लावतात. समजा जेवण 60 डॉलरचे असेल, तर 18 टक्क्यांनी ते 70.80 डॉलर होते आणि चौघांचे 283.20. ठरावीक शुल्काच्या जेवणातही लॉब्स्टरसारख्या पदार्थाला जादा आकार पडू शकतो, आणि वाइन त्यात बहुतेकदा धरलेली नसते. मुलांना अनेक ठिकाणी सवलतीचा दर असतो, पण काही रेस्टॉरंट केवळ प्रौढांसाठी असतात. कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून निघण्याआधीच चालू करून घ्यावेत.

मोठ्या गोतावळ्याने जाणाऱ्यांची अडचण वेगळी असते. मांजलपूरचे काका, दांडिया बाजारातील आत्या आणि आपण, असे तिघांचे बुकिंग क्रमांक वेगळे असतील, तर अ‍ॅप तिघांना वेगवेगळी टेबले देते. एजंटाकडून हे क्रमांक आधी जोडून घ्यावेत. आठ-दहा जणांचे टेबल अ‍ॅपवर मिळत नसेल, तर पहिल्याच दुपारी रेस्टॉरंटमध्ये समक्ष विचारावे. वेशभूषेबाबत साडी, पंजाबी ड्रेस किंवा झब्बा-सलवार यांना सहसा हरकत नसते. पुरुषांची अर्धी चड्डी आणि रबरी चपला मात्र दारातच अडवल्या जातात.

इतके करूनही टेबल मिळाले नाही, तर प्रतीक्षा यादीत नाव द्यावे आणि रेस्टॉरंट उघडण्याच्या क्षणी किंवा रात्री नऊच्या सुमारास जाऊन पाहावे. न आलेल्यांची टेबले त्या वेळी मोकळी होतात. स्वतःला जाता येणार नसेल, तर ठरलेल्या मुदतीत कळवावे, नाहीतर शुल्क खात्यावर पडते. समुद्र लागल्यामुळे ऐनवेळी बेत रद्द करावा लागला, तर फोन करून कारण सांगावे. पुष्कळदा दुसरी वेळ दिली जाते. ताटात नको तो पदार्थ आला, तर तो बाजूला सारून गप्प बसू नये. त्याच वेळी मुख्य वेटरला बोलवावे, कारण बदलून देणे त्यांना तेव्हाच शक्य असते. दुसऱ्या दिवशी सकाळी अ‍ॅपमध्ये खाते तपासावे. आगाऊ भरलेले जेवण पुन्हा लागलेले दिसले, तर भरलेल्या रकमेची पावती घेऊन त्याच दिवशी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जावे. शेवटच्या सकाळी तेथे लांब रांग असते आणि उतरण्याची वेळ झालेली असते.