सत्कार झाले, आता सेंटरची तयारी : सोलापूरहून फौजेत निघालेल्या पोरासाठी

मेरिटमध्ये नाव आलं की चौकात बॅनर लागतो. मग ग्रामपंचायतीचा सत्कार, शाळेचा सत्कार, मामाच्या गावचा सत्कार आणि जिकडंतिकडं मटणाची जेवणं. या गडबडीत पळणं सुटतं. भरतीच्या मैदानावर १६०० मीटर साडेपाच मिनिटांत मारणारा पोरगा सेंटरला, म्हणजे फौजेच्या ट्रेनिंगच्या जागी, पोहोचतो तेव्हा पोट पुढं आलेलं असतं आणि पहिल्याच आठवड्यात तो नडग्या धरून बसतो. पेन्शनवर गावी आल्यापासून मी हे बघतोय. म्हणून विचारायला येणाऱ्या पोरांना जे सांगतो, तेच इथं लिहितो.

पळणं सोडू नको, पण बदल

हार घालून घे, पण पहाटेचं मैदान चुकवू नको. भरतीसाठी तू कमी अंतर जोरात पळत होतास. आता वेग कमी कर आणि अंतर वाढव. आठवड्यातून चार दिवस, तीन किलोमीटरपासून सुरुवात करून हळूहळू पाच-सहापर्यंत जा. डांबरी रस्त्यापेक्षा शेताची कच्ची वाट बरी. दम लवकर वाढतो, हाडं मागं राहतात; त्यांना भार सोसायची सवय लागायला आठवडे जातात. एकदम जोर केला की नडगीच्या हाडाला बारीक चीर पडते. मग प्लास्टर किंवा आराम, आणि बॅच पुढं निघून जाते. सेंटरमध्ये याला रेलिगेट होणं म्हणतात. तुझ्याबरोबर आलेली पोरं कसम परेड (ट्रेनिंग संपल्यावरची शपथेची परेड) करतात आणि तू मागच्या बॅचबरोबर पुन्हा कदमताल करतोस.

उन्हाळ्यात सोलापुरात दिवस उगवायच्या आत पळून घे. आठनंतर पळण्यात बहादुरी नाही. रोज दंड, बैठका आणि पुलअप्स चालू ठेव. मावा, तंबाखू, गुटखा आजच सोड. तिथं थकवा, घरची आठवण आणि तलफ एकदम अंगावर येतात, आणि पकडला गेलास तर रगडा, म्हणजे शिक्षेची कसरत, वेगळा.

घरची कामं शीक

आईला आवडणार नाही, पण आजपासून स्वतःचे कपडे स्वतः धू, इस्त्री कर, बटण लाव, बूट चमकव, रोज दाढी कर. घरातली सोलापुरी चादर घेऊन चारी कोपरे जुळवून घडी घालायचा सराव कर. हसू नको. तिथं अंथरुणाची घडी वाकडी निघाली म्हणून पोरं मैदानाला फेऱ्या मारतात. पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करायची सवयही आत्ताच लाव. नव्या बुटांनी फोड येतातच. तो फोडायचा नाही, एमआय रूमला (सेंटरच्या दवाखान्यात) दाखवायचा.

हिंदीचं बघ

मराठी, कन्नड, तेलुगू कानावर पडतच इथली पोरं वाढतात, त्यामुळं भाषेचं भय नको. पण आपली हिंदी दखनी ढंगाची. ‘हौ’, ‘नक्को’ ऐकून हरियाणाचा उस्ताद (ट्रेनिंग देणारा) आधी हसेल, मग चिडेल. खरी गंमत परेडला होते. ‘दाहिने मुड’ असा हुकूम येतो आणि ‘दा’ ऐकताच आपला मराठी माणूस डावीकडे वळतो! म्हणून घरीच दाहिने, बाएँ, पीछे मुड, तेज चल, थम हे मोठ्यानं म्हणत सराव कर. हिंदी आकडेही पाठ कर. उनसठ आणि उनहत्तर यांत घोटाळा झाला तर स्वतःच्या रायफलचा बट नंबर (दस्त्यावरचा नंबर) सांगताना जीभ अडखळते.

कागद आणि पेटी

आधार, मार्कशीट, पॅन आणि बँक खातं या सगळ्यांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का, ते आज बघ. एक अक्षर चुकलं तरी दुरुस्तीला फेऱ्या पडतात. पेटीत फक्त जॉइनिंगच्या यादीतल्या वस्तू घाल, वर कुलूप आणि सुई-दोरा. घरच्यांचे मोबाइल नंबर वहीत लिहून घे आणि दोन तरी पाठ कर, कारण बहुतेक ठिकाणी सुरुवातीला फोन जमा करून घेतात.

हवामानही विचारात घे. मराठा लाइट इन्फंट्रीत गेलास तर बेळगाव. तिथल्या पावसात कपडे वाळत नाहीत, तेव्हा जास्तीचे मोजे ने. महार रेजिमेंटला मध्य प्रदेशातलं सागर. तिथली हिवाळ्यातली पहाट सोलापूरच्या पोराला झोंबते. तोफखान्याला नाशिक रोड किंवा हैदराबाद.

पैशाचं घरी स्पष्ट बोल

अग्निवीराला पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये. त्यातले ९,००० सेवा निधीत (चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या पैशात) जातात, हातात २१,००० येतात. सेवा चार वर्षांची, पुढं जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम घेतात. एवढ्यावर ट्रॅक्टरचं कर्ज किंवा बुलेटचा हप्ता लावू नका. या चार वर्षांत लग्नही करता येत नाही, हे आत्याला आताच सांगून ठेव.

पहिले पंधरा दिवस

केस जातात, किट मिळतं, नाव मागं पडतं आणि नंबर पुढं येतो. फॉलइनला, म्हणजे रांगेत हजर व्हायला, पाच मिनिटं आधी उभा राहा. एकाची चूक झाली की रगडा अख्ख्या स्क्वॉडला, त्यामुळं शेजारच्याचा पट्टा बघणं हेही तुझंच काम. उस्तादाला कारण सांगायला जाऊ नको. ‘जी उस्ताद’ म्हणायचं आणि पुढं जायचं. गावात बॅनरवर फोटो लागलेल्या पोराला हे सगळ्यात जड जातं.

दुखणं मात्र लपवू नको. सगळा पाय दुखतो तो थकवा. हाडावर बोट ठेवलं की एकाच जागी कळ येत असेल, तर त्याच दिवशी एमआय रूमला जा. मर्द म्हणून सोसत बसलेलेच जास्त रेलिगेट होतात.

दोन-तीन आठवड्यांनी घर आठवतं. रात्री पांघरुणात रडणारा तू एकटाच नाहीस, बाजूच्या खाटेवरचाही रडतोय. पण रागाच्या भरात परवानगीशिवाय सेंटर सोडून गावच्या गाडीत बसू नको. कायद्यानं तो गुन्हा आहे. जमत नसेल तर उस्तादाला सांग, वर सुभेदार साहेब आहेत. घरच्यांनीही रविवारच्या फोनवर बांधाची भांडणं आणि म्हशीचं आजारपण सांगत बसू नये. पोरगा तिथून काही करू शकत नाही, नुसता आठवडाभर झुरतो.

कसम परेडचं बोलावणं आलं की तिकीट लगेच काढा. परेड सकाळी लवकर असते, म्हणून आदल्या दिवशीच पोहोचा. येताना शेंगाचटणी आणि कडक भाकरी भरपूर आणा. बॅरेकमधल्या सगळ्यांना पुरायला हवी.