केस फार गळू लागले तर: आधी कारण, मग उपचार

कंगव्यातला गुंता पाहून धास्तावण्यापूर्वी त्यातला एक केस काढून उजेडात धरावा. बहुधा त्याच्या एका टोकाला टाचणीच्या डोक्याहून लहान, पांढरट गाठ दिसते. केस मुळासकट उपटला गेला, आता तिथे नवा येणार नाही, अशी त्यावरून अनेकांची समजूत होते. वास्तविक ती गाठ म्हणजे केसाची मुदत संपल्याची खूण असते. ज्या केशकूपातून तो वाढला तो केशकूप त्वचेत जागेवरच असतो.

डोक्यावर सुमारे 1 लाख केस असतात. प्रत्येक केस 2 ते 6 वर्षे वाढतो, नंतर दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, आणि सुमारे 3 महिन्यांच्या विश्रांतीनंतर तो गळतो. म्हणून दिवसाला 50 ते 100 केस गळणे स्वाभाविक आहे, आणि चार दिवसांनी डोके धुतले तर चार दिवसांचे साठलेले केस एकदम हातात येतात. त्याचा दोष शाम्पूला देण्यात अर्थ नाही. केस मोजत बसण्यापेक्षा वेणी पूर्वीपेक्षा बारीक झाली का, भांग रुंदावला का, हे पाहावे. डोके धुतल्यावर एक दिवस जाऊ द्यावा आणि मग 50-60 केसांची बट चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे हलकेच ओढावी. वेगवेगळ्या ठिकाणी असे करून प्रत्येक वेळी पाच-सहाहून अधिक केस हातात आले, तर गळती वाढली आहे असे समजावे.

सगळ्या डोक्यावरून सारखेच केस गळत असतील तर मागच्या दोन-तीन महिन्यांत काय घडले ते आठवावे. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, घाईघाईने घटवलेले वजन किंवा तीव्र मानसिक ताण यांमुळे बरेच केस एकदमच विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि तिथला मुक्काम संपला की एकत्र गळतात. कारण आणि परिणाम यांत एवढे अंतर पडल्यामुळे माणूस गेल्या आठवड्यात बदललेल्या तेलावर संशय घेतो. ही गळती मूळ कारण दूर झाल्यावर साधारण सहा महिन्यांत आपोआप ओसरते. तेवढ्यात लावलेल्या कोणत्याही तेलाला त्याचे श्रेय मिळून जाते, हे वेगळे सांगायला नको. गळती त्याहून लांबली तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातल्या लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) आणि थायरॉइड यांच्या तपासण्या कराव्यात. चालू असलेली औषधेही डॉक्टरांना सांगावीत. तपासणीआधी बायोटिनच्या (केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या एका ब जीवनसत्त्वाच्या) गोळ्या सुरू असतील तर त्याही सांगाव्यात, कारण त्यांमुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. कमतरता सिद्ध झाल्याशिवाय जीवनसत्त्वांचा मारा करू नये. अ जीवनसत्त्व आणि सेलेनियम जास्त झाले तर त्यांनीच केस गळतात.

आनुवंशिक टक्कल याहून निराळे. त्यात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाच्या परिणामाने केशकूप आक्रसत जातात आणि दर खेपेस उगवणारा केस अधिक बारीक व आखूड होतो. पुरुषांत कपाळाच्या दोन्ही बाजू आणि टाळू उघडी पडते. स्त्रियांत पुढची केसांची रेषा बहुधा टिकते, पण भांग रुंदावतो. येथे वाट पाहणे तोट्याचे, कारण जे केशकूप पुरते निकामी झाले ते औषधाने सहसा परत येत नाहीत. मिनॉक्सिडिल या केस वाढवणाऱ्या औषधाचे द्रावण केसांना न लावता कोरड्या टाळूच्या त्वचेला लावायचे असते. पहिल्या काही आठवड्यांत गळती उलट वाढते आणि बरेच जण नेमके तेव्हाच औषध सोडतात. गुण दिसायला 4 ते 6 महिने लागतात, आणि औषध बंद केले की मिळालेला लाभही काही महिन्यांत जातो. गरोदरपणात व स्तनपानाच्या काळात ते वापरू नये. पुरुषांसाठीची फिनास्टेराइडची गोळी लैंगिक दुष्परिणामांची माहिती डॉक्टरांकडून घेऊनच सुरू करावी. ही गोळी फुटलेली असेल तर गरोदर स्त्रीने तिला हातही लावू नये.

नाण्याएवढा गोल, गुळगुळीत चट्टा एकाएकी पडला तर ती बहुधा चाई असते. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच केशकूपांवर उलटल्याने ती होते. लहान चट्टे पुष्कळदा आपोआप भरतात. अन्यथा त्वचारोगतज्ज्ञ तिथे स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. कांदा किंवा लसूण चोळून त्वचा भाजून घेऊ नये. लहान मुलाच्या डोक्यावर खवलेदार, खाजणारा चट्टा असून केस तुटलेले असतील तर बुरशीचा संसर्ग संभवतो. त्याला पोटातून औषध घ्यावे लागते, नुसते मलम पुरत नाही.

कायम घट्ट बांधलेल्या केसांमुळे कानशिलांजवळचे केस विरळ होतात. तेव्हा बांधणी सैल करणे हाच पहिला उपचार. मात्र टाळूची आग होणे, दुखणे, पू येणे किंवा चट्ट्यावरची त्वचा चकचकीत होऊन केसांची छिद्रेच नाहीशी होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जाण्यात आठवडाही दवडू नये, कारण व्रण धरलेल्या त्वचेतून केस पुन्हा उगवत नाहीत.

उपचार कोणताही असो, महिन्यातून एकदा, त्याच उजेडात आणि त्याच जागी भांग पाडून छायाचित्र काढावे. रोज आरशात पाहून काही कळत नाही; केस महिन्याला जेमतेम 1 सेंटिमीटर वाढतो.